साक्षीदारासमोरची सही

कॉमिकच्या मुखपृष्ठावर कुणी काही लिहिलं असेल तर तो दोष, असा अमेरिकेतल्या जुन्या कॉमिकच्या बाजाराचा नियम होता. लहानपणी मालकानं पेन्सिलीनं टाकलेलं नाव, दुकानदारानं मारलेला तारखेचा शिक्का आणि चित्रकारानं मोठ्या प्रेमानं केलेली सही, यांत नियमाला फरक दिसत नव्हता. गिऱ्हाइकांना मात्र दिसायचा. कुणी सहीसाठी जास्तीचे पैसे मोजायला तयार, तर कुणी ‘एवढा चांगला अंक खराब कशाला केलात’ म्हणून हळहळणारा. सहीनं भाव वाढतो की पडतो, हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरायचं. गेल्या पंचवीस वर्षांत या भांडणाला एक चौकट मिळाली, आणि ती दिली फ्लोरिडातल्या सारासोटा शहरातल्या एका कंपनीनं. तिचं पूर्ण नाव सर्टिफाइड गॅरंटी कंपनी. संग्राहक तिला सीजीसी म्हणतात.

सीजीसी जानेवारी २००० मध्ये सुरू झाली. ती इतक्या लवकर का रुजली हे कळायला तिच्या आधीचा बाजार पाहायला हवा. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये जुन्या कॉमिकच्या किमतींचं पुस्तक काढलं आणि तेव्हापासून भाव छापील मिळू लागला. पण भाव अंकाच्या अवस्थेवर, आणि अवस्था सांगणार विकणारा. ‘जवळजवळ नवा’ म्हणून टपालानं मागवलेला अंक उघडावा, तर कण्यावर घड्या, कडा कातरून सरळ केलेल्या, फाटलेला कोपरा जोडून वर बेमालूम रंग भरलेला. त्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉमिक म्हणजे गुंतवणूक अशी हवा झाली. १९९१ मधल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूच्या अंकासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या. मग व्हायचं तेच झालं. दुर्मीळ म्हणून जपलेली वस्तू घरोघरी आहे हे लोकांच्या लक्षात आलं, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

सह्या केलेल्या अंकांचंही पेव याच काळात फुटलं. सोबत एक प्रमाणपत्र यायचं, आणि ते देणारा पुष्कळदा अंक विकणाराच असायचा. पुढे ईबे आलं आणि वस्तूला हात न लावता पैसे मोजायची सवय लागली. १९९९ मध्ये एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाच्या मोहिमेत खेळाडूंच्या बनावट सह्या विकणाऱ्या टोळीवर छापे घातले, तेव्हा सह्यांच्या धंद्यात खोटेपणा किती मुरला आहे ते चव्हाट्यावर आलं. ते प्रकरण कॉमिकचं नव्हतं. पण मार्करनं केलेली सही बेसबॉलवर असली काय आणि ‘स्पायडरमॅन’वर असली काय, नकलाकाराला सारखीच सोपी.

अशा वेळी नाण्यांच्या दुनियेतून माणसं आली. नाणी पारखून त्यांची प्रत ठरवायची आणि ती पारदर्शक डबीत सीलबंद करून द्यायची, हे काम एनजीसी ही कंपनी १९८७ पासून करत होती. तीच पद्धत कॉमिकला लावायचं ठरलं. कामाची सुरुवात न्यू जर्सीत झाली आणि लवकरच बिऱ्हाड सारासोटाला हललं. स्टीव्ह बोरॉक हे पहिले अध्यक्ष आणि मुख्य पारखी. ते स्वतः जुने संग्राहक, त्यामुळे व्यापारी कुठे कुठे फसवतात हे त्यांना शिकवावं लागलं नाही. कंपनी स्वतः कॉमिक विकत घेणार नाही आणि विकणारही नाही, हे धोरण पहिल्यापासून ठेवलं. माझ्या मते तिच्या यशाचं निम्मं श्रेय या एका अटीला आहे. बाकीचे गुण नंतर.

काम असं चालतं. अंक आला की आधी त्यावर दुरुस्तीचे हात फिरले आहेत का ते तपासतात. मग एकाहून अधिक पारखी तो वेगवेगळा पाहतात आणि ०.५ ते १० या मापावर आकडा ठरतो. ९.८ म्हणजे छापखान्यातून कालच आल्यासारखा. पूर्ण १० क्वचित. नंतर अंक कडक प्लास्टिकच्या डब्यात बंद होतो. संग्राहक त्याला स्लॅब म्हणतात. डब्याच्या वरच्या अंगाला लेबल, आणि या बाजारात सगळी जात-पात त्या लेबलच्या रंगावर चालते. निळं लेबल म्हणजे निर्मळ अंक. जांभळं म्हणजे दुरुस्त केलेला. संग्राहकांनी त्याचं बारसं ‘मरणाचं जांभळं लेबल’ असं केलं, यावरून त्याची पत कळावी. हिरवं लेबल म्हणजे अंक एरवी चांगला आहे, पण एक मोठी उणीव आहे. हिरव्याचं ठळक उदाहरण ‘इन्क्रेडिबल हल्क’ अंक १८१. १९७४ चा हा अंक, वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन. आत एक छोटं कूपन छापलेलं होतं, आणि ते कापून घ्या असं मार्व्हलनंच मुलांना सांगितलं होतं. मुलांनी आज्ञा पाळली. पन्नास वर्षांनी त्या आज्ञाधारकपणाची किंमत हजारो डॉलरमध्ये मोजली जाते.

आता सहीवाल्या अंकाला कुठला रंग द्यायचा? सही खरी की खोटी हे अक्षर पाहून ठरवायला गेलं तर मतं पडणार, वाद होणार, आणि नव्या कंपनीची अब्रू पणाला लागणार. सीजीसीनं हा प्रश्न अंगावर घेतलाच नाही. सही आमच्या माणसासमोर झाली असेल तरच ती आम्ही मानू, एवढंच म्हटलं. खरेदीखताला साक्षीदार लागतात तसा इथे एक साक्षीदार आला. त्यानं चित्रकाराला सही करताना डोळ्यांनी पाहायचं, आणि सही झाल्या क्षणापासून अंक मालकाच्या हाती न देता थेट पारखीसाठी न्यायचा. मध्ये अर्ध्या तासाची फट पडली तरी साखळी तुटली. अशा अंकाला पिवळं लेबल मिळतं. त्यावर कुणी सही केली आणि कोणत्या तारखेला, हे छापलेलं असतं. या योजनेचं नाव सिग्नेचर सीरिज.

कागदावर सोपी वाटणारी ही व्यवस्था सॅन डिएगो किंवा न्यू यॉर्कच्या कॉमिक-कॉनच्या गर्दीत पाहावी. चित्रकाराच्या टेबलापुढे रांग, रांगेत चाहते, आणि चाहत्यांच्या मधोमध तीस-तीस अंकांचे गठ्ठे घेऊन उभे असलेले मध्यस्थ. हे मध्यस्थ दुसऱ्यांचे अंक घेऊन येतात आणि सही करवून देण्याचे पैसे घेतात. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीला सहीपुरती खिडकी कापलेली, म्हणजे सही करणाऱ्याचा तळवा बाकीच्या मुखपृष्ठाला लागू नये. पेनाबद्दल तर शास्त्रच झालं आहे. बॉलपेन नको, तो कागदावर दाब देतो आणि दाबाची खूण पारख्याला दिसते. गडद मुखपृष्ठावर रुपेरी किंवा सोनेरी पेंट-पेन, फिकट जागेवर काळा मार्कर. साधा मार्कर उन्हात फिका पडतो, आणि जुन्या कागदावर शाई मागच्या बाजूला उतरते. सही पात्राच्या चेहऱ्यावर आली की गेलीच. आणि ‘प्रिय अमक्यास’ असं लिहून घेतलंत तर ते तुमच्याकडेच राहू द्या, कारण अनोळखी अमक्याच्या नावाचा अंक विकत घ्यायला दुसरा अमका मिळत नाही. चाहत्याला जी ओळ सगळ्यात प्रिय, तीच बाजाराला सगळ्यात नकोशी.

डब्यानं सहीची जागाही बदलली. पूर्वी जाणते लोक पहिल्या पानावर, आत सही घेत. मुखपृष्ठ जसंच्या तसं राही आणि अंक उघडून कधीही सही पाहता येई. डबा सीलबंद झाल्यावर आतली सही दिसेनाशी झाली. लेबलवर तिची नोंद होते, पण भिंतीवर टांगायच्या वस्तूत न दिसणाऱ्या सहीला कोण विचारतो? म्हणून सह्या मुखपृष्ठावर आल्या, मोठ्या झाल्या, चमकू लागल्या. ज्या संस्थेनं सहीला दोषाच्या यादीतून बाहेर काढलं, तिच्याच डब्यामुळे सही अंकाच्या सगळ्यात नाजूक पृष्ठावर येऊन बसली. हा सौदा मला अजून पटलेला नाही, पण बाजारानं तो केव्हाच स्वीकारला.

मग भावाचं काय? पिवळ्या लेबलनं सहीची शंका मिटवली, हिशोब मिटवला नाही. समजा, दहा डॉलरचा एक अलीकडचा अंक आहे. सहीची फी, साक्षीदाराचा आकार, पारखणावळ, येण्याजाण्याचा टपालखर्च असे मिळून शंभर-सव्वाशे डॉलर लागले. अंक ९.८ ठरला तर खर्च कदाचित निघेल. सही करताना कोपरा किंचित दुमडला आणि ९.६ आला, तर सही नसलेला निळा ९.८ त्याच्याहून महाग निघतो. आधीच डब्यात असलेल्या निळ्या अंकावर सही घ्यायची तर डबा फोडावा लागतो, अंक पुन्हा पारखीला जातो आणि आधीचा आकडा परत मिळेल याची हमी नसते. ‘एक्स-मेन’च्या त्या ऐंशी लाखांच्या अंकावर कितीही सह्या घेतल्या तरी तो दुर्मीळ होत नाही. तिथे विकली जाते ती सही. अंक म्हणजे तिच्यासाठी कागद.

मधल्या अवस्थेच्या महत्त्वाच्या अंकांची गोष्ट निराळी. साठच्या दशकातला ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा एखादा अंक, प्रत ४.० किंवा ५.०, मुखपृष्ठ आधीच थकलेलं. त्यावर लेखक स्टॅन ली यांची सही आली तर गमावण्यासारखं फार नसतं आणि मिळण्यासारखं पुष्कळ असतं. ली यांनी उतारवयात अशा सह्या अक्षरशः ढिगानं केल्या. शेवटच्या वर्षांत एका सहीला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागत, तरी रांग संपत नसे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते ९५ व्या वर्षी गेले. लोकांनी भाव गगनाला भिडेल असं धरलं होतं. पण इतक्या सह्या बाजारात असताना निव्वळ मृत्यूनं टंचाई येत नाही. ‘हल्क १८१’वर मात्र लेखक लेन वाइन, चित्रकार हर्ब ट्रिम्पी आणि वुल्व्हरिनचं रूप आखणारे जॉन रोमिटा यांच्या तिघांच्या सह्या असतील, तर ती खरी टंचाई. ट्रिम्पी २०१५ मध्ये गेले, वाइन २०१७ मध्ये, रोमिटा २०२३ मध्ये. तो संच आता नव्यानं जमणार नाही.

शिखरावरचे अंक पाहिले की चित्र पुन्हा उलटतं. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा १९३८ चा पहिला अंक, प्रत ९.०, ऑगस्ट २०१४ मध्ये ईबेवर ३२ लाख डॉलरला गेला. स्पायडरमॅन पहिल्यांदा अवतरला तो ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५, प्रत ९.६, २०२१ मध्ये ३६ लाखांना. ‘ॲक्शन’चाच ८.५ प्रतीचा अंक २०२४ मध्ये ६० लाखांना. ‘सुपरमॅन’चा पहिला अंक, प्रत ९.०, नोव्हेंबर २०२५ मध्ये ९१ लाखांहून जास्त. सगळी लेबलं निळी. एवढे पैसे मोजणारा माणूस अंकाला कुणाचा हातच लागलेला नाही याचे पैसे मोजतो, आणि तिथे निर्मात्याचा हातसुद्धा परकाच. शिवाय निळे अंक एकमेकांशी ताडून पाहता येतात: एकाच अंकाची दोन निळी ९.८ म्हणजे जवळपास एकच माल, आणि आधीच्या विक्रीचे आकडे हाताशी असतात. पिवळ्यात प्रत्येक अंक वेगळा. कुणाची सही, कुठे, कोणत्या रंगात, किती ठसठशीत, यावर भाव हलतो आणि गिऱ्हाईकही कमी. घेताना पिवळं आकर्षक, विकताना निळं सोपं.

साक्षीदाराच्या अटीचा खरा फटका बसला तो मेलेल्यांना. सुपरमॅनचे जनक जो शुस्टर १९९२ मध्ये गेले आणि जेरी सीगल १९९६ मध्ये; चित्रकार जॅक कर्बी १९९४ मध्ये, बॅटमॅनचे बॉब केन १९९८ मध्ये. त्यांच्या सह्यांना सीजीसीचा साक्षीदार कुठून मिळणार? कर्बी यांच्या हातून समोरासमोर घेतलेली खरी सही घेऊन कुणी आलं, तरी त्याच्यापुढे पर्याय दोनच होते: सहीकडे काणाडोळा करून आकडा देणारं हिरवं लेबल, किंवा सहीला मुखपृष्ठावरचं लिखाण समजून कमी आकड्याचं निळं. कालपरवाच्या चित्रकाराची सही पिवळी आणि कर्बींची हिरवी, हे वर्षानुवर्षं खपवून घेतलं गेलं.

सीजीसीच्या आधीची सही आणि नंतरची सही ही सीमारेषा आपल्याकडच्या वाचकालाही लागू पडते. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत वेताळ आणि मँड्रेक पोचले. दोघांचे जनक ली फॉक मार्च १९९९ मध्ये वारले, सीजीसी सुरू होण्याच्या दहाएक महिने आधी. फॉक यांनी एखाद्या इंद्रजालवर सही करून दिली असेलच, तर तिला साक्षीदाराचं पिवळं लेबल कधी मिळणार नाही. बाकी आपल्या इंद्रजालांवर सह्यांचा प्रश्न फारसा येत नाही; त्यांच्यावर असतात वाचनालयांचे गोल शिक्के आणि ‘हा अंक अमक्याचा आहे, चोरू नये’ अशी शाईतली ताकीद. सारासोटाच्या भाषेत हे सगळं मुखपृष्ठावरचं लिखाण.

ही उणीव भरायला पुढे आले ते स्वतः बोरॉकच. सीजीसी सोडल्यावर २०१४ मध्ये त्यांनी सीबीसीएस ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली. तिनं साक्षीदारासमोरच्या सहीबरोबर, जुन्या सह्या अक्षरतज्ज्ञांकडून तपासून मान्य करायची सोयही दिली आणि तिला वेगळं लाल लेबल ठेवलं. ही कंपनी नंतर बेकेट या दुसऱ्या कंपनीकडे गेली. सीजीसी बराच काळ हटून बसली, आणि अखेर तिनंही जेम्स स्पेन्स यांच्या जेएसए या सही तपासणाऱ्या संस्थेशी हात मिळवला. कर्बींच्या सहीला दार उघडलं हे चांगलंच झालं. पण पाहिलेली सही आणि ताडलेली सही यांत फरक आहे, आणि खरेदीदार तो अजून मानतात.

मधल्या काळात सीजीसी पसरत गेली. २०१२ मध्ये ती ज्या समूहाची, त्या समूहानं क्लासिक्स इन्कॉर्पोरेटेड हा अंकांना ऊब आणि दाब देऊन घड्या काढणारा व्यवसाय विकत घेतला. दाबणं ही दुरुस्ती मानली जात नाही, म्हणून तसा अंक निळाच राहतो. म्हणजे दाबून देणारे हे, सहीला साक्षीदार पाठवणारे हे, आकडा देणारे हे आणि डबा तडकला तर नवा बसवून देणारेही हेच. प्रत्येक पायरीला वेगळी पावती. जुलै २०२१ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीनं समूहातला मोठा वाटा घेतला, तेव्हा समूहाची किंमत ५० कोटी डॉलरच्या वर धरली गेली. विकत घेण्या-विकण्यापासून दूर राहण्याची ती जुनी अट अजून आहे. पण जो अंक दाबून सुधारला त्यालाच आकडा देणं, यात मला पहिल्याइतकं कडक सोवळं दिसत नाही.

आणि मग डब्यावरच घाला आला. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला उघड झालं की काही जणांनी डबे सफाईनं उघडून आतले अंक बदलले होते. वरच्या आकड्याचं लेबल तसंच ठेवायचं, आत हलका अंक सरकवायचा आणि डबा खराब झाला म्हणून नव्या डब्यासाठी कंपनीकडेच पाठवायचा. नव्या डब्यासाठी आलेल्या अंकाची पुन्हा पारख होत नसे. कंपनीच्या हातूनच खोट्या मालाला कोरा डबा मिळत होता. संशयास्पद अंकांच्या क्रमांकांची यादी तिला जाहीर करावी लागली. हा उद्योग सोपा पडतो तो निळ्या अंकांत, कारण एक ९.८ दुसऱ्या ९.८ सारखाच दिसतो आणि ९.४ सुद्धा पटकन ओळखू येत नाही. पिवळ्या अंकात सहीचं वळण, तिची जागा, शाईचा रंग जसाच्या तसा जुळवावा लागतो. जुन्या विक्रीच्या वेळचा फोटो सापडला तर अदलाबदल एका नजरेत उघडी पडते. तेव्हापासून काही संग्राहक, जे आधी सहीला नाकं मुरडत, महागडा अंक घेताना आधी त्याचे जुने फोटो मागू लागले आहेत, आणि सहीवाल्या अंकाचे फोटो ताडणं सोपं जातं हे त्यांना कळून चुकलं आहे.